बाभळीची फळी

आमच्या आबांना दोन गोष्टींचा तिटकारा होता. एक भगत आणि दुसरा खिळा.

भगताचं समजण्यासारखं आहे. अंगारा देणारा, लिंबू कापणारा, भूत उतरवतो म्हणून कोंबडं मागणारा माणूस आबांना दारात उभा चालत नसे. गल्लीत कोणाकडे तरी आलेला एक भगत एकदा आमच्या ओट्यावर टेकला, तेव्हा आबांनी त्याला शांतपणे विचारलं, की तुझ्या अंगात येतो तो देव रंधा मारतो का, मला एक माणूस कमी पडतोय. भगत पाणी न पिताच उठला.

खिळ्याचा तिटकारा कळायला मात्र सुताराच्या घरात जन्म घ्यावा लागतो. खिळा ठोकला म्हणजे सांधा चुकला, असं आबा येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे. धुळ्यातल्या आमच्या घराची पुढची पडवी हाच त्यांचा कारखाना. भिंतीला वाकस, पटाशा, करवती, लहानमोठे रंधे ओळीनं लटकलेले, पण खिळ्यांचा डबा शोधून सापडायचा नाही. दुसऱ्याने केलेल्या खुर्चीत खिळ्याचं डोकं दिसलं, तर आबा तिच्यावर बसत नसत. लग्नाच्या मांडवातसुद्धा उभे राहायचे, आणि लोकांना वाटायचं, काय नम्र माणूस आहे.

सत्तर सालाच्या आसपासची गोष्ट. मी नुकती मॅट्रिक झाले होते. माझा थोरला भाऊ आबांच्या हाताखाली काम करायचा, आणि खरं सांगायचं तर आता आबाच त्याच्या हाताखाली होते. आबांचा उजवा खांदा गेला होता. सकाळी हात डोक्यापर्यंत जात नसे, टोपी घालायची तर डाव्या हाताने. जड रंधा भाऊच मारायचा. हे सगळ्यांना दिसत होतं आणि कोणी बोलत नव्हतं, कारण बोलणाऱ्याची खैर नव्हती.

अशात भावाने जळगावला एक मशीन बघितलं. एका मारवाडी शेटजींचं मोटारी आणि पंपांचं दुकान होतं, त्यांनी ते परप्रांतातून मागवलं होतं. एकाच मोटारीवर रंधाही मारायचा, फळी दोन्ही टोकांना सारख्या जाडीचीही करायची, आणि पाती बदलली की चौकटीच्या कडेला गोलाई, खाच, नक्षी, म्हणाल ते. घरच्या कारखान्यात बसेल एवढंच ते. भाऊ चार दिवस दुसरं काही बोलतच नव्हता. आबा ऐकून न ऐकल्यासारखं करत राहिले. शेवटी एके दिवशी जेवताना भावाने सांगून टाकलं, की मशीन येणार नसेल तर मी भुसावळला जातो, रेल्वेच्या कारखान्यात आपल्या जातीतली दोन पोरं लागली आहेत, माझंही होईल.

आईची भाकरी तव्यावरच राहिली. भाऊ गेला तर पडवी बंद पडणार, आणि पडवी बंद पडली तर आबा काय करणार? पण आईचं दुःख आणखी वेगळं होतं. भाऊ तान्हा असताना फार आजारी होता, आकडी यायची, वाचेल असं कोणाला वाटलं नव्हतं, असं आत्या सांगायची. तेव्हापासून तो नजरेआड झाला की आईला घास उतरत नसे. भुसावळ तिला विलायतेएवढं लांब.

आबांनी हातातला घास संपवला. मग म्हणाले, सागवानावर कुठलंही मशीन चालेल, त्यात काय कौतुक. बाभळीवर चाललं तर घेऊ. बाभूळ म्हणजे सुताराची सत्त्वपरीक्षा. गाडीची चाकं ज्याची करतात ते लाकूड, जरा उलटं गेलं की रंध्याच्या पात्याचे दात पाडतं. भाऊ लगेच कबूल झाला. सोनगीरच्या बाजूला आमचं थोडं वडिलार्जित शेत होतं. भाऊ लहान असताना घरचे सगळे तिथेच राहायचे. त्या जुन्या घरासमोर एक मोठी बाभूळ होती आणि तिची मुळं विहिरीच्या कठड्यात शिरत होती, म्हणून ती तोडायची असं बरेच दिवस चाललंच होतं. भाऊ म्हणाला, तीच तोडू.

आणि इथे आईने असा काही विरोध मांडला की आम्ही थक्क झालो. आधी म्हणाली, शेळ्यांना शेंगा कुठून मिळतील? आमच्याकडे शेळ्या नव्हत्या. मग म्हणाली, सुगरणीचे खोपे आहेत. मग सावली. बाभळीची सावली! मी हसले तर माझ्यावरच उखडली. त्याहून नवल म्हणजे आबा. एरवी झाड बघताच त्यातून किती फळ्या निघतील हे मनात मोजणारा माणूस, पण तेही म्हणू लागले, घाई काय आहे, दुसरी बघू. भाऊ चिडला. म्हणाला, तुम्हाला मशीन घ्यायचंच नाही, म्हणून झाड आड आणताय. हे वर्मी लागलं. दुसऱ्याच दिवशी आबा स्वतः कुऱ्हाड घेऊन निघाले.

लाकूड वाळल्यावर दोघांनी दोन माणसांच्या करवतीने ते चिरलं. खोडाच्या घराकडच्या बाजूने एक रुंद, सरळ, देखणी फळी निघाली, मात्र तिच्यात रेषांच्या बाजूने एक लांबलचक काळा पट्टा गेला होता. दुपारी मी चहा घेऊन गेले, तर आबा एकटेच त्या फळीवर वाकून पटाशीने काही कोरत होते. मला बघून त्यांनी पाठ वळवली. संध्याकाळी तिथे बाभळीचाच एक लहान तुकडा नेटका बसवलेला होता. मी विचारलं, हे थिगळ कशाला? म्हणाले, गाठ होती, काढली. गाठीला आबा थिगळ लावत नाहीत हे मला माहीत होतं, पण त्यांच्या आवाजावरून पुढे विचारण्यात अर्थ दिसला नाही.

त्या दिवशी आई पडवीत आली. कामाच्या जागी ती फारशी यायची नाही. तिने त्या थिगळावरून तळवा फिरवला, काळ्या पट्ट्यावरून फिरवला, पुन्हा थिगळावर आणला. मग लांब श्वास सोडला आणि आत जाऊन भावाच्या आवडीची कळण्याची भाकरी करायला बसली. त्यानंतर तिचा विरोध संपला. जळगावला निघायच्या दिवशी तिने आमच्याबरोबर दशम्याही बांधून दिल्या.

मला बरोबर नेलं ते इंग्रजीसाठी. मशीनबरोबर आलेली पुस्तिका इंग्रजीत होती आणि शेटजी काय वाटेल ते सांगतील, अशी आबांना शंका. फळी एस.टी.च्या टपावर चढवताना कंडक्टरशी वाद झाला, तो आबांनी जिंकला. पारोळा, एरंडोल करत आम्ही जळगावला पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं.

शेटजी सज्जन होते. दुकानामागच्या गोदामात मशीन मांडलेलं होतं, हिरव्या रंगाचं, बिडाचं, माझ्या कमरेएवढं उंच. आबांनी पायातल्या चपला बाहेर काढल्या, मग मशीनला प्रदक्षिणा घातल्यासारखे सगळीकडून फिरले. पट्टा ओढून बघितला. वरच्या पत्र्यावर गुण्याची सरळ पट्टी ठेवून डोळा बारीक करून फट दिसते का पाहिलं. दिसली नाही. मोटार सुरू केल्यावर त्यांनी पाण्याने काठोकाठ भरलेला पेला त्या पत्र्यावर ठेवला. पाणी थरथरलं, पण सांडलं नाही. भाऊ माझ्याकडे बघून हसला.

मी पुस्तिका वाचून मराठीत सांगत होते. घरच्या विजेवर ही मोटार चालेल का, पात्यांना किती दिवसांनी धार लावायची, पाती बसवताना मोटारीची तार काढून ठेवा, असं सगळं. एके ठिकाणी लिहिलं होतं, की लाकूड घालण्याआधी त्यात खिळा किंवा खडा नाही याची खात्री करून घ्या. मी ते वाचलं. आबांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू ते मीच लिहिलं आहे. म्हणाले, हे ज्यांच्यासाठी लिहिलंय त्यांना वाच.

आधी शेटजींच्या माणसाने सागाची पट्टी घातली. एका बाजूने खडबडीत गेली, दुसऱ्या बाजूने आरशासारखी आली. मग पाती बदलली, आणि त्याच पट्टीच्या कडेला गोलाई आणि तिच्याशेजारी बारीक खाच उठली, इतकी सरळ, की मी बोट फिरवलं ते मध्ये कुठे अडलंच नाही. आबा ती गोलाई करायला अर्धा दिवस घेत. त्यासाठीचा रंधा त्यांच्या वडिलांच्या हातचा. आबांनी पट्टी हातात घेतली, उजेडाकडे धरली, उलटी केली. मला त्यांच्याकडे बघवेना. आयुष्यभर कमावलेला हात एका मोटारीने डोळ्यांदेखत बरोबरीला आणला होता, आणि तो माणूस दोष शोधत होता व त्याला दोष सापडत नव्हता.

"बाभूय लाय," आबा भावाला म्हणाले.

रंध्याची पाती पुन्हा चढवली. शेटजींचा माणूस पुढे आला, पण भावाने त्याला बाजूला केलं. आपल्या घरचं लाकूड, आपणच घालणार. फळीचं पहिलं टोक आत गेलं. आवाज बदलला, जड झाला, पण मोटार दबली नाही. तांबूस, चकचकीत बाभूळ पलीकडून बाहेर येऊ लागली. थिगळ आलं तेही साफ गेलं. शेटजींनी मान डोलावली. भाऊ वाकून फळी रेटत होता, आणि मला आठवतं, मी मनात म्हटलं, झालं, भुसावळ टळलं.

मग आवाज झाला. कसला ते सांगता येत नाही. इतकंच आठवतं की त्यानंतर मला काहीच ऐकू येईना. फळी उलटी, आमच्या दिशेने उडाली. भाऊ मागे भिंतीवर आदळला आणि खाली बसला. त्याचा हात डोळ्यावर होता आणि बोटांमधून रक्त येत होतं. शेटजींनी धावत जाऊन बटण बंद केलं. समोरच्या दाराच्या लाकडात पोलादी पात्याचा तुकडा रुतला होता, उभा, भावाच्या डोक्याच्या उंचीवर. मी त्या तुकड्याकडे बघत राहिले. माझे पाय हलत नव्हते. आबांचेही हलत नव्हते. मी माझ्या बापाला कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं, आणि ते बघून मला जी धडकी भरली, ती रक्त बघूनही भरली नव्हती.

शेटजींनीच टांगा बोलावला. दवाखान्यात डॉक्टरांनी भुवईवर टाके घातले आणि म्हणाले, डोळा थोडक्यात वाचला, घाव अंगुळभर खाली असता तर गेलाच होता. भाऊ टेबलावर पडून होता, पांढराफटक. मी बाहेर आले तर आबा व्हरांड्यात उभे. शेटजी फळी घेऊन मागून आले होते. तिच्यात, त्या काळ्या पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला, कापलेलं लोखंड चमकत होतं.

"मिस्तरी," शेटजी म्हणाले, "खिळा? तुमच्या लाकडात?"

ते रागावून बोलले असते तर बरं झालं असतं. त्यांना नुसतं नवल वाटलं होतं. आबांनी खिशातून चाकू काढला, तिथे उभ्या उभ्या लाकूड पोखरलं, खिळ्याचा राहिलेला तुकडा बाहेर काढला आणि मुठीत धरला. तो खिळा बघताना त्यांच्या चेहऱ्यावर शरम असायला हवी होती. शरम नव्हती. काही न कळलेल्या माणसाचा चेहरा होता. धुळ्यापर्यंत त्यांनी ती मूठ उघडली नाही, आणि आईच्या दशम्या तशाच परत आल्या.

दिवेलागणीला घरी पोचलो. आई दारातच होती. तिने भावाची पट्टी बघितली. त्याला धरून आत नेलं, भिंतीला टेकवून बसवलं आणि माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, लाकडात खिळा निघाला. आबांनी मूठ उघडली आणि तुकडा जमिनीवर ठेवला. घोड्याच्या नालेला मारतात तसला चपटा खिळा होता तो.

आई त्याच्यासमोर बसली.

"हाऊ खिया मना शे," ती म्हणाली.

घरात आम्ही अहिराणीच बोलायचो, पण हे वाक्य मला परक्या भाषेतलं वाटलं. खिळा माझा आहे, म्हणजे काय? मग ते सगळं बाहेर आलं. भाऊ तान्हा असताना आकडीने निळा पडायचा. आबा औषधाशिवाय कशाचं नाव काढू देत नसत. एका अमावास्येला आबा कामावर गेले असताना आई गुपचूप भगताकडे गेली. त्याने खिळा मंतरून दिला. दिवस मावळताना घरासमोरच्या बाभळीत ठोक, पीडा तिथे बांधली जाईल. मात्र कोणाला सांगायचं नाही. तोंडातून शब्द बाहेर पडला की पीडा सुटते आणि लेकराकडे परत येते. एवढी वर्षं ती गप्प राहिली होती. झाड तोडायच्या वेळी जीव तुटत होता, तरी सांगता येत नव्हतं. शेळ्या आणि सुगरणी तिथून आल्या होत्या.

मी आबांकडे बघितलं. आता भगताचा, आईचा, बाईच्या अकलेचा उद्धार होणार म्हणून मी अंग चोरून बसले. तसं काही झालं नाही. आई रडत नव्हती, तिला कोडं पडलं होतं.

"पन तो ते तुम्ही काढी टाका व्हता ना?" तिने विचारलं. "मी हात लाईसन दखं. थिगळ व्हतं तठे." पडवीत तिने हात लावून बघितलं होतं ते.

आबा उठले. पडवीत गेले. रंध्यांच्या भिंतीखाली त्यांची जुनी पेटी होती, तिच्यातून चिंधीत गुंडाळलेलं काही आणलं आणि आईच्या खिळ्याशेजारी ठेवलं. चौकोनी, हाताने घडवलेला, गंजून काळा झालेला, अख्खा खिळा.

"मी मना काढेल व्हता," आबा म्हणाले.

वीज गेलेली होती, कंदिलाची वात फुरफुरत होती आणि आम्ही चौघं दोन खिळ्यांकडे बघत होतो. आबाही गेले होते. त्याच भगताकडे, आईच्या आधी का नंतर ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्या लबाडाने दोघांनाही तेच सांगितलं, दोघांकडूनही कोंबडं घेतलं. दोघांनी एकाच झाडात, घराकडच्याच बाजूने, एकमेकांपासून लपवून खिळे ठोकले. मग फळीत काळा पट्टा दिसला तेव्हा आबांना वाटलं, हा आपल्या खिळ्याच्या गंजाचा डाग. त्यांनी तो काढला आणि लाकूड निर्धोक झालं असं मानलं. आईला थिगळ दिसलं तेव्हा तिला वाटलं, खिळा आपलाच निघाला, आता पात्यात काही अडकणार नाही. आबांना काही गवसलं, पण ते काही बोलले नाहीत, म्हणजे देवच पावला. ज्याला वाचवायला ते ठोकले, त्याच्याच डोळ्याशी ते येऊन थांबले होते. मला दोघांचा इतका राग आला, आणि त्याच वेळी त्या दोघांना कुठे ठेवू आणि कुठे नको असंही झालं.

भाऊ भिंतीला टेकूनच हसायला लागला. टाके दुखले म्हणून थांबला, पुन्हा हसला, आणि मग त्याच्या धडधाकट डोळ्यातून पाणी यायला लागलं.

"मशीन पास शे," आबा त्याला म्हणाले. "नापास आपुन."

म्हणजे मशीन येणार होतं, आणि भुसावळ खरंच टळलं होतं. भावाने नुसती मान हलवली. आईने मात्र दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं, कारण तिला आता आठवलं होतं, की बोलायचं नव्हतं ते तिने बोलून टाकलं आहे. पुढचं वर्षभर ती भावाच्या पाठीमागे सावलीसारखी फिरली. त्याला काही झालं नाही.

पण त्या संध्याकाळी मी गप्प बसले नाही. नको तिथे तोंड उघडायची मला खोडच आहे. मी म्हटलं, भावाला दोन-दोन खिळे, मग माझ्यासाठी कोणी काही ठोकलं होतं का? निम्मी थट्टा होती आणि निम्मा खरा राग. भावाच्या ताटात साय जास्त पडते हे मी सोसत आले होते, आता खिळेही त्यालाच म्हटल्यावर जरा जास्तच झालं. मला वाटलं, आई म्हणेल, तुला काय धाड भरली होती, तू पहिल्यापासून दगडासारखी. तेवढं जरी म्हणाली असती तरी मी सोडून दिलं असतं.

आई काही म्हणाली नाही. तिने ओठ घट्ट मिटले आणि भावाची पट्टी उगाचच पुन्हा बघायला घेतली. मी आबांकडे वळले. आबांनी दोन्ही खिळे उचलले, चिंधीत बांधले, आणि पडवीत जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी पुन्हा विचारलं. मला लहानपणी काय झालं होतं, एवढं तरी सांगा म्हटलं. दोघांपैकी कोणी तोंड उघडलं नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही कधी नाही.

मशीन आलं, भावाने त्यावर संसार केला. काही वर्षांनी त्याला बैलगाडीच्या कामासाठी बाभूळ हवी होती. शेताच्या दुसऱ्या टोकाला, नाल्याच्या काठी आणखी एक जुनी बाभूळ होती. ती तोडू का, असं त्याने जेवताना विचारलं. आई चुलीपाशी होती आणि आबा पाटावर. दोघंही एकदमच "नको" म्हणाले, आणि मग एकमेकांकडे बघत राहिले.

आता दोघंही नाहीत. ती बाभूळ अजून उभी आहे. शेतावर गेले की मी तिच्या सावलीत बसते, पण तिच्या खोडावरून हात फिरवून कधी बघितलेलं नाही.